रोजच्या मेकअपच्या पाच वस्तू आणि त्या लावायची रीत

‘चांगल्या कंपनीचं घेतलं, तरी दुपारपर्यंत चेहरा काळवंडतो’ ही तक्रार आमच्या काउंटरवर नेहमी येते. वस्तू खराब निघाली असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा ती जास्त लागलेली असते, किंवा खालचा थर वाळायच्या आत वरचा चढवलेला असतो. म्हणून वस्तूंबरोबर हे माहितीपत्रकही देत आहोत.

कॉलेज, ऑफिस, बँक, शाळा, दुकान, कुठेही रोज जाताना पाच वस्तू पुरतात: सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट (डबीत दाबून बसवलेली पावडर), काजळ, लिपस्टिक आणि टिकली. फाउंडेशन, म्हणजे सगळ्या चेहऱ्याला लावायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम, कार्यक्रमासाठी ठेवा. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात आणि त्यातली निम्मी थर वाळायची वाट बघण्यात जातात. ती वाचवू नका.

सनस्क्रीन

तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं सनस्क्रीन लागतं. ट्यूबवर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. वाटाण्याएवढं लावलं तर एसपीएफ 50 च्या ट्यूबमधूनही तेवढं संरक्षण मिळत नाही. एसपीएफ 30 नीट मात्रेत लावलं तर त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के यूव्हीबी किरण अडतात, 50 ने 98 टक्के. त्यामुळे आकड्यापेक्षा मात्रेकडे लक्ष द्या. सोबत ‘पीए+++’ लिहिलेलं बघून घ्या. ते उन्हातल्या दुसऱ्या, यूव्हीए किरणांसाठी असतं, आणि हे किरण जुलैच्या ढगांतूनही खाली येतात.

मॉइश्चरायझर लावल्यावर तीन मिनिटं थांबा. मग सनस्क्रीनचे ठिपके कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी आणि मानेवर देऊन हलक्या हाताने पसरवा. खसाखसा चोळलं की पांढऱ्या गोळ्या सुटतात. खालचा थर ओला असला किंवा दोन्ही क्रीममध्ये सिलिकॉन जास्त असलं, तरी तसंच होतं. गोळ्या सुटू लागल्या तर वर आणखी लावू नका. ओल्या रुमालाने पुसा आणि निम्म्या मात्रेत दोनदा लावा. तेलकट त्वचेला पावसाळ्यात जेल सनस्क्रीन एकटंच पुरतं, खाली मॉइश्चरायझर नको. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या सनस्क्रीनने गव्हाळ आणि सावळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. अशा वेळी टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची झाक असलेला प्रकार मागा.

कोल्हापुरातून शिरोली किंवा गोकुळ शिरगावला गाडीवरून जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्कार्फ घट्ट बांधला की गालावरचा आणि नाकावरचा सगळा मेकअप कापडाला लागतो. घरातून निघताना फक्त सनस्क्रीन लावा, पंधरा मिनिटांनी सुती स्कार्फ बांधा, आणि कॉम्पॅक्ट-लिपस्टिक पोहोचल्यावर लावा. स्कार्फ रोज धुवा. कालचा घाम आणि पावडर आज पुन्हा त्याच गालावर घासली जाते आणि हनुवटीजवळ पुटकुळ्या उठतात.

कॉम्पॅक्टची शेड

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. शेड मनगटावर बघू नका, मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे, लागोपाठच्या तीन शेडच्या बोटभर रेघा ओढा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून आरसा घेऊन दारात या. फाउंडेशन घेत असाल तर टेस्टर (नमुना) लावून दुकानाबाहेर महाद्वार रोडवर एक चक्कर मारून या. त्वचेचं तेल त्यात मिसळलं की पंधरा-वीस मिनिटांत बऱ्याच फाउंडेशनचा रंग गडद होतो. तेलकट त्वचेला म्हणूनच आम्ही कधीकधी अर्धी शेड उजळ देतो. त्याहून उजळ मात्र मागू नका. गव्हाळ रंगावर दोन शेड उजळ पावडर राखाडी दिसते आणि मान वेगळी उठून दिसते.

गळ्याजवळची त्वचा पिवळसर झाक देत असेल तर ‘वॉर्म’, गुलाबीसर असेल तर ‘कूल’ शेड बघा. आपल्याकडे बहुतेकांना वॉर्म किंवा न्यूट्रल (दोन्हींच्या मधली) शोभते.

पावडर ओढून लावू नये, पफने थोपटावी. कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटी एवढ्या भागालाच ती लागते. गालावर उगीच चढवली की चेहरा थापल्यासारखा दिसतो. दुपारी टचअप करताना आधी टिश्यू दाबून तेल टिपा, मग पावडर. घामावर थेट पावडर लावली तर तिचा लगदा होऊन नाकाच्या कडेला मेकअप फाटतो. पफ आठवड्याला साबणाने धुवून उन्हात वाळवा.

काजळ

मागणी जास्त असते ती पिळून वर येणाऱ्या पेन्सिलींना, म्हणजे लॅक्मे आयकॉनिक, मेबेलिन कोलोसल यांसारख्या. त्यांना टोक करावं लागत नाही. टोक एकावेळी दोन मिलिमीटरच बाहेर काढा, जास्त काढलं की मेण मोडतं.

काजळ पसरतं ते डोळ्याखालच्या तेलामुळे. आधी तिथे टिश्यू दाबा, मग पापणीच्या आतल्या कडेवर बाहेरच्या कोपऱ्याकडून आत या आणि नाकाजवळचा शेवटचा भाग मोकळा सोडा. डोळ्यातलं पाणी तिकडेच साठतं आणि काजळ तिथूनच ओघळायला लागतं. शेवटी खालच्या पापणीच्या केसांखाली कोरड्या इअरबडने चिमूटभर कॉम्पॅक्ट टेकवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आधी लेन्स घालावी आणि आतली कड सोडून बाहेरूनच रेघ काढावी.

काजळ बहिणी-बहिणींतसुद्धा वाटून घेऊ नका. पावसाळ्यात डोळ्यांची साथ असते. डोळे आले असतील तर बरं होईपर्यंत काजळ बंद ठेवा आणि त्या काळात वापरलेली पेन्सिल टाकून द्या, मग ती कितीही नवी असो. जत्रेत सुटा मिळणारा, लेबल नसलेला सुरमा घेऊ नका. पारंपरिक सुरम्यात शिशाचं संयुग असू शकतं, आणि रंगासाठी शिसं असलेली सौंदर्यप्रसाधनं बनवायला भारतात कायद्याने बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर कुठलंच काजळ नको.

लिपस्टिक

ओठांवर लिप बाम पाच मिनिटं ठेवून पुसून टाका. पातळ थर, टिश्यू दाबायचा, परत पातळ थर. मॅट लिक्विड लिपस्टिकचा जाड थर बोलताना सुकून तडकतो. गव्हाळ-सावळ्या रंगाला विटकरी, मरून आणि गुलाबी-तपकिरी शेड रोज चालतात. ओठांपेक्षा फिकट न्यूड (त्वचेच्या रंगाच्या) शेडने चेहरा आजारी दिसतो. बुलेट (कांडीच्या) लिपस्टिकचा एकेक ठिपका गालावर बोटाने थोपटला की वेगळा ब्लश लागत नाही. फक्त तो कॉम्पॅक्टच्या आधी लावा. पावडरवर मेणाचा रंग डागाडागांनी बसतो.

टिकली आणि कुंकू

टिकलीच्या जागी खाज, लाली किंवा फिकट डाग दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं आणि त्याने त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. डाग टिकलीने झाकत राहू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री टिकली काढून आरशाला चिकटवायची सवयही सोडा. धूळ बसलेला गोंद त्वचेला आणखी त्रास देतो.

कुंकू लावणाऱ्यांनी मेणाचा अगदी पातळ टिळा देऊन त्यावर कोरडं कुंकू दाबावं, म्हणजे ते कपाळावरून झडत नाही. हळदीचं कुंकू ओळखायचं असेल तर चिमूटभर कुंकवावर लिंबू पिळा. हळदीला चुन्यामुळे आलेला लाल रंग आंबटाने पिवळट होतो. नुसता रासायनिक रंग असेल तर तो लालच राहतो.

काढताना

कापसाच्या बोळ्यावर मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव) घ्या, मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसतं धरून ठेवा आणि खाली ओढून पुसा. नंतर फेसवॉश. खोबरेल तेलाने काजळ छान निघतं, पण मुरुमांची त्वचा असेल तर ते गालाकपाळाला लावू नका.

घेताना

वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हवीच. परदेशी वस्तू असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. उघड्या डबीच्या चित्रात ‘6एम’ असेल तर उघडल्यापासून सहा महिने. उघडल्याची तारीख तळाला मार्करने लिहून ठेवा. मस्कारा आणि लिक्विड लायनर सहा महिन्यांपलीकडे ठेवू नका, वास बदलला तर त्याआधीच टाका.

आमच्याकडे लिपस्टिकचा टेस्टर थेट ओठांना लावू देत नाही, काडीवर काढून देतो. सील न तोडलेली कॉम्पॅक्ट किंवा फाउंडेशनची शेड बिल दाखवून सात दिवसांत बदलून मिळेल. सील तोडलेली वस्तू परत घेता येत नाही, म्हणून पैसे देण्याआधी शेड दारातल्या उजेडात एकदा बघून घ्या.