शेंद्र्याची काच वाळूतून येत नाही

मराठवाड्यात काचेच्या कामाची वाळू नाही. गोदावरीच्या, पूर्णेच्या, मांजरेच्या पात्रात जी मिळते ती बेसाल्ट झिजून झालेली, काळपट, लोखंडानं भरलेली. बांधकामाला ती सोन्याच्या भावानं जाते, तिच्या उपशावरून होणाऱ्या हाणामाऱ्या दर उन्हाळ्यात छापून येतात; पण भट्टीत घालून तिची स्वच्छ काच होत नाही. बेसाल्टमध्ये सिलिका, म्हणजे काच जिची बनते तो घटक, साधारण निम्मी असते आणि लोहाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर. खिडकीच्या काचेची कड हिरवी दिसते ती एवढ्याशा लोखंडानं, मग इथलं काय सांगावं. काचेची पांढरी वाळू महाराष्ट्रात मिळते ती सिंधुदुर्गात, कासार्ड्याच्या बाजूला.

आणि तरीही जगात कारखान्यात बनणाऱ्या सर्वांत शुद्ध काचेच्या प्रकारांपैकी एक छत्रपती संभाजीनगरला बनतो. वाळूज आणि शेंद्रा या दोन औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे ऑप्टिकल फायबरचे, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणाऱ्या काचेच्या तंतूचे, कारखाने आहेत. शेंद्र्यात फायबर ज्यातून ओढतात तो काचेचा दांडा, म्हणजे प्रीफॉर्मही तयार होतो. ‘मागास भागात हायटेक कारखाना’ एवढ्यावर बातम्या थांबतात. मला त्यात वाळूचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुटला म्हणूनच हा कारखाना इथं येऊ शकला.

आधी जुना भाग. सिलिका शुद्ध असेल तर ती वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. लाकूड-कोळशाच्या भट्टीला ते झेपत नाही. म्हणून हजारो वर्षं काचेत सोडा घालत आले. सोडा घातला की मिश्रण हजार-बाराशे अंशांतच ओघळायला लागतं. म्हणजे काच करणाऱ्याला वाळूइतकीच खाराची गरज. आणि खाराच्या बाबतीत हा भाग दरिद्री नव्हता. जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणार. विदर्भात मोडतं, पण मंठ्याच्या माणसाला ते शेजारचंच गाव. उल्का आदळून बेसाल्टात झालेल्या त्या विवरातलं पाणी सोडियम कार्बोनेटनं खारट. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार धरायचा, तो गोळा करून विकला जायचा. त्याच्या प्रतवारीला डल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. साबणाला, रंगाऱ्यांना, पापडाला तो जायचा आणि बांगड्यांच्या भट्ट्यांनाही. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त या डोंगरांबद्दल लिहिताना काच आणि साबणाला लागणारं सगळं साहित्य इथं मिळतं, असं नोंदवून ठेवलं आहे. महसूल मोजणाऱ्या दरबाराची ही नोंद, त्यामुळे ती हौसेची मानायचं कारण नाही.

त्याच्याही दीड हजार वर्षं मागे गेलं की तेर. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट या ब्रिटिश अभ्यासकानं १९०१ मध्ये दाखवून दिलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे. दोन्ही गावांचा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला जायचा. पैठणहून अकीक-गोमेदासारखे खडे, तगरहून कापड. त्याच पुस्तकात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्यात कच्ची काच आहे. तेर, पैठण, भोकरदन या तिन्ही ठिकाणच्या उत्खननांत काचेचे मणी सापडले. या काचेत तांबं घातलं की निळा-हिरवा किंवा लाल, कोबाल्ट घातलं की गडद निळा. म्हणजे काचेची किंमत तिच्यात काय मिसळलं यावर होती. हे लक्षात ठेवा, पुढे ते उलटं होणार आहे.

तेरबद्दल बोलताना मण्यांपेक्षा विटांनी मला जास्त गुंतवलं. तिथल्या जुन्या बांधकामातल्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. गावात याला चमत्काराचं वलय आहे. कारण सरळ आहे: मातीत भाताचं तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं, त्याची जागा पोकळ राहते. आजच्या भट्ट्यांना आतून लावतात त्या हलक्या इन्सुलेशन विटांचं तत्त्व हेच. तेरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती बाहुलीसमोर गर्दी असते. कोपऱ्यातल्या विटेसमोरही दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

मधल्या काळात काच मराठवाड्यात आली ती बहुतेक झिलईच्या रूपानं. दौलताबादच्या चांद मिनाराच्या पायथ्याला आणि चिनी महालावर (गोवळकोंडा पडल्यावर १६८७ नंतर तिथल्या शेवटच्या सुलतानाला, तानाशहाला, कैदेत ठेवलं तो) निळ्या झिलईच्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. झिलई म्हणजे मातीवर चढवलेला काचेचा पातळ थर, हात इराणी परंपरेचा.

इथं एक सावधगिरी. तेरपासून शेंद्र्यापर्यंत अखंड रेघ ओढायचा मोह होतो, भाषणांत ती ओढलीही जाते. तशी रेघ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात काचेचा उद्योग पुन्हा उभा राहिला तो स्वदेशीच्या चळवळीतून: अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा तळेगाव दाभाड्याचा कारखाना, १९०८. नंतर कराडजवळ ओगलेवाडी. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. वीज नसलेल्या घरांत ओगल्यांचा प्रभाकर कंदील आला आणि कासारणीच्या पेटीत फिरोजाबादच्या बांगड्या. म्हणजे काच वापरणारा मुलूख होता, करणारा नव्हता.

शेंद्र्याच्या काचेचे पूर्वज वेगळीकडे आहेत.

प्रकाश वळवून नेता येतो हे १८४०च्या दशकातच माहीत झालं होतं. जिनिव्हाच्या कोलाडॉननं पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश जाताना दाखवला, १८५४ मध्ये टिंडलनं लंडनला तोच खेळ केला. १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन टिपणं आली, एक हॉलंडच्या व्हान हील यांचं आणि दुसरं लंडनच्या हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांचं. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. त्यांना नोबेल मिळायला हवं होतं, असं आपल्याकडे हटकून म्हटलं जातं. त्यांचं काम मोठं होतंच, पण ते काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेण्याचं, म्हणजे एंडोस्कोपीच्या वाटेवरचं. दूरध्वनीला लागत होतं ते वेगळं.

ते काय लागतं हे १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या इंग्लंडमधल्या अभियंत्यांनी आकड्यांत मांडलं. त्या वेळच्या चांगल्या काचेच्या तंतूत किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल (हे गळतीचं माप) प्रकाश गळायचा. याचा अर्थ वीस मीटरवर शंभरातला एक भाग उरे. काओंचं म्हणणं असं की किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत गळती आणली, म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला, तरी दूरसंचाराला तंतू चालेल. आणि दोष काचेचा नाही, काचेतल्या लोखंडासारख्या अशुद्धीचा आहे. १९६९ पर्यंत त्यांनी शुद्ध सिलिकाचे नमुने मोजून हे दाखवूनही दिलं. २००९ चं नोबेल त्याबद्दल.

तेव्हा जवळपास सगळे जण नेहमीची सोड्याची काच गाळून, निवडून, जास्तीत जास्त साफ कशी करायची या मागे लागले होते. अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी सोडा काढूनच टाकला. त्यांच्या घरात एक जुनी युक्ती पडून होती. १९३४ मध्ये कॉर्निंगचाच रसायनज्ञ फ्रँक हाइड यानं सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाच्या द्रवाची वाफ ज्योतीत सोडून सिलिकाची पांढरी भुकटी मिळवली होती.

सगळी गंमत या द्रवात आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइड ५८ अंशांच्या आसपास उकळतो. लोखंडाचं क्लोराइड उकळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. त्यामुळे द्रव ऊर्ध्वपातनानं, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून, शुद्ध करताना सिलिकॉन वाफ होऊन पुढे जातं आणि लोखंड, तांबं, निकेल मागे भांड्यात राहतात. वाळू कितीही धुतली तरी जे जमत नाही ते उकळण्याच्या बिंदूतल्या फरकानं आपोआप होतं. धातूंची अशुद्धी अब्जात काही भागांवर येते. तेरच्या मणिकारानं जी तांब्या-लोखंडाची चिमूट रंगासाठी जपून घातली असती, तीच इथं माल बाद करते.

नुसती शुद्ध सिलिका पुरत नाही. प्रकाश आत कोंडून राहायचा तर मधल्या गाभ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, बाहेरच्या थरापेक्षा किंचित जास्त हवा. कॉर्निंगनं गाभ्यात टायटॅनियम घातलं आणि १९७० मध्ये किलोमीटरला १७ डेसिबल गाठले. पण टायटॅनियमच्या फायबरला नंतर तापवावं लागे आणि त्यानं तो ठिसूळ होई. १९७२ मध्ये टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं, गळती ४ डेसिबलवर उतरली. जर्मेनियमचं क्लोराइडही सुमारे ८५ अंशांत उकळतं, म्हणजे तेही त्याच वाटेनं शुद्ध होतं. हा योगायोग फार कामाला आला. पुढे बेल लॅब्जमध्ये जॉन मॅकचेस्नी यांनी नळीच्या आतल्या बाजूला थर बसवायची पद्धत काढली, जपानी लोकांनी दांडा टोकाकडून वाढवायची. १९७९ पर्यंत जपानमध्ये ०.२ डेसिबल. आता शंभरातला एक भाग उरायला प्रकाशाला शंभर किलोमीटर जावं लागतं.

आज पद्धत कोणतीही असो, टप्पे तेच. वाफ ज्योतीत जळते, पांढरी काजळी फिरत्या दांड्यावर थरांनी बसते. मग क्लोरीन सोडून तिच्यातला पाण्याचा अंश काढतात, कारण पाण्यातून येणारा हायड्रॉक्सिलचा अंश १३८३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. मग भट्टीत काजळी आळून पारदर्शक प्रीफॉर्म होतो. तो उंच टॉवरच्या माथ्यावर टांगून टोक २००० अंशांच्या आसपास तापवायचं. खाली जी धार लागते ती गुळाच्या पाकाच्या तारेसारखी ओढत जाते, फरक इतकाच की ही तार १२५ मायक्रॉनला ठाम ठेवावी लागते, आणि निघाल्याबरोबर तिच्यावर प्लॅस्टिकचा लेप चढवावा लागतो. उघडी राहिली तर बारीक ओरखड्यांनीच तुटेल. हिशेब करून पाहण्यासारखा आहे: १२५ मिलिमीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा दांडा पूर्ण ओढला तर १००० किलोमीटर फायबर. किलोमीटरला काच फक्त २७ ग्रॅम.

या २७ ग्रॅममुळेच कारखान्याची जागा ठरवताना वाळूची खाण, बंदर, कोळसा यांचं वजन संपलं. लागतात शुद्ध रसायनं, वायू, न जाणारी वीज, स्वच्छ हवा आणि यंत्रावर लक्ष ठेवणारी शिकलेली माणसं. मराठवाड्यात यासाठी जमीन आधीच तयार होती. राज्याची १९६४ पासूनची प्रोत्साहन योजना मागास भागातल्या उद्योगांना सवलती देत होती. १९६० पासून शहरात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, १९७६ ला जायकवाडी झालं, चिकलठाण्यामागून वाळूज वसलं, १९८५ मध्ये तिथं बजाज आली आणि तिच्याबरोबर लहान-मोठ्या वर्कशॉपचं जाळं. भारतातला पहिला स्थानिक ऑप्टिकल फायबर दुवा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाला होता. नव्वदच्या दशकात दूरसंचाराचं क्षेत्र खुलं झाल्यावर मागणी वाढली आणि स्टरलाइटनं वाळूजमध्ये फायबर ओढायला घेतलं. फायबर ओढणं आणि प्रीफॉर्म स्वतः करणं यात मात्र मोठी उडी आहे. दांडा बाहेरून आणून ओढणारे पुष्कळ, वाफेपासून दांडा उभा करणारे थोडे. खरं तंत्र वाफेच्या बाजूला आहे, म्हणून शेंद्र्याचं महत्त्व.

सवलतींवर आलेला उद्योग सवलत संपल्यावर निघून जातो, हा मराठवाड्याचा कडू अनुभव आहे. हा टिकला, पण त्याचे चढउतार गावात दिसतात. २०११ च्या मंजुरीनंतर ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना आली, रस्त्याकडेला चर खणले गेले, काळ्या मातीत केबल पुरल्या आणि जेसीबीनं तितक्याच उत्साहानं तोडल्या. नंतर चीनच्या जादा उत्पादनानं भाव कोसळले. २०२३ मध्ये चीन, कोरिया आणि इंडोनेशियाच्या फायबरवर भारतानं अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे पडेल भावानं येणाऱ्या आयातीवरचा जादा कर, लावलं.

तंत्राच्या बाजूनं आता आणखी एक वळण येऊ घातलं आहे. सिलिकातली गळती ०.१४ डेसिबलच्या आसपास अडकली आहे, कारण उरलेली गळती अशुद्धीची नाही, काचेच्या अणूंवरून प्रकाश विखुरण्याची आहे. म्हणून १९९० च्या दशकापासून संशोधक गाभा पोकळ ठेवून प्रकाश हवेतून न्यायच्या मागे होते. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या गटानं २०२५ मध्ये अशा पोकळ फायबरची गळती ०.०९१ डेसिबल असल्याचं प्रसिद्ध केलं. तिथंही काच लागतेच, पण कागदापेक्षा कितीतरी पातळ भिंतींच्या नळ्यांपुरती, आणि त्या नळ्या रचून ओढायचं काम काजळी बसवण्यापेक्षा पार निराळं आहे. वाळूज-शेंद्र्यात तीस वर्षांत जमलेला हात मुख्यतः त्या काजळीवरचा आहे.