कार्यस्थळावरील अमली पदार्थ चाचणी आणि गांजा (ठाणे–नवी मुंबई)

नोकरीवर घेताना किंवा नोकरीत असताना कर्मचाऱ्याच्या लघवीत, लाळेत, रक्तात वा केसांत गांजा, अफू, कोकेन अशा पदार्थांच्या खुणा शोधण्याची पद्धत. बोलताना तिला ‘ड्रग टेस्ट’ किंवा नुसतेच ‘मेडिकल’ म्हणतात. भारतात सगळ्या खाजगी नोकऱ्यांना लागू होईल असा चाचणीचा कायदा नाही; ती करावीच असे बंधन नाही आणि करू नये असेही नाही. म्हणून ठाणे–बेलापूर रस्त्यावर एकमेकांना लागून असलेल्या दोन कंपन्यांतही याबाबतचे नियम वेगळे असू शकतात.

या पट्ट्यात ही प्रथा निरनिराळ्या वाटांनी आली. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या आयटी पार्कांत ती अमेरिकी ग्राहकांच्या मागोमाग आली. अमेरिकेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १५ सप्टेंबर १९८६ रोजी केंद्र सरकारी कचेऱ्या नशामुक्त ठेवण्याचा आदेश काढला. पुढच्याच ४ जानेवारीला मेरिलँड राज्यातल्या चेस गावाजवळ रेल्वेचा अपघात होऊन १६ जण गेले. इंजिनचालकाने गांजा ओढल्याचे तपासणीत निघाले आणि १९९१ च्या कायद्याने वाहतूक क्षेत्रात चाचणी सक्तीची झाली. हळूहळू तिकडच्या बँका आणि विमा कंपन्यांनीही ती अंगीकारली आणि त्यांचे काम करणाऱ्या इथल्या कंपन्यांच्या करारांत ती अट उतरली. ऑफर लेटर मिळालेल्या मुलामुलींना जुन्या नोकरीच्या पडताळणीबरोबर जवळच्या लॅबचा पत्ताही येतो, तो यामुळे. पाच किंवा दहा पदार्थांच्या ‘पॅनेल’मध्ये गांजा हमखास असतो.

दुसरी वाट समुद्राची. नेरूळजवळ करावे इथे टी. एस. चाणक्य ही नौकानयनाची शिक्षणसंस्था आहे आणि बेलापूर परिसरात जहाजांवर माणसे पाठवणाऱ्या एजन्सींची कार्यालये आहेत. जहाजावर चढण्याआधीच्या मेडिकलमध्ये अमली पदार्थांची तपासणी हा खलाशांच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. तिसरी वाट विमानतळाची. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) नियम या भागाच्या दाराशी आले. ३१ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या या नियमांप्रमाणे विमान कंपन्यांनी दरवर्षी आपल्या उड्डाण कर्मचाऱ्यांपैकी किमान १० टक्क्यांची अचानक तपासणी करायची असते; हवाई वाहतूक नियंत्रकांनाही तेच लागू आहे. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मात्र असा एकच नियम नाही. गेटवर श्वासातली दारू तपासणे तिथे ओळखीचे आहे. गांज्याची तपासणी कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

चाचणी नेमके काय सांगते

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून हा भाग जरा विस्ताराने. दारूची तपासणी त्या क्षणाची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा, आणि श्वासातून त्याचा अंदाज तिथल्या तिथे येतो. गांज्याला असा आकडा या कलमात नाही. गांज्यातला नशा आणणारा घटक टीएचसी. तो चरबीत साठतो, आणि शरीरात त्याचे रूपांतर होऊन जे उरते ते थोडेथोडे लघवीतून जाते. लघवीच्या चाचणीत सापडते ते हे उरलेले द्रव्य. त्याने स्वतः नशा होत नाही. एखाद्याने एकदाच ओढला तर ते साधारण तीन दिवस सापडते, रोज ओढणाऱ्यात दहा-पंधरा दिवस, आणि वर्षानुवर्षे भरपूर ओढणाऱ्यात सोडल्यानंतर महिनाभर किंवा जास्तही. लाळेतून अलीकडच्या एखाद-दोन दिवसांचे कळते, केसांतून सुमारे तीन महिन्यांचे. सोमवारी सकाळी क्रेनवर चढणारा माणूस त्या घडीला नशेत आहे का, हे लघवीची बाटली सांगू शकत नाही.

नमुना घेण्याची रीत काटेकोर असते, निदान असायला हवी. मोबाइल, पाकीट, जॅकेट बाहेर ठेवायला लावतात. संडासाच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, म्हणजे कोणी त्यातले पाणी मिसळले तर लगेच दिसावे. कपाच्या बाजूला तापमानाची पट्टी चिकटवलेली असते. चार मिनिटांच्या आत तिच्यावर ३२ ते ३८ अंश सेल्सिअस दिसले तर लघवी ताजी समजतात. मग झाकणावर सील, त्यावर देणाऱ्याची सही, आणि पुढे बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची नोंद.

पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी रेघा उमटणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर होते. ती वाचताना लोक हमखास फसतात. गरोदरपणाच्या चाचणीची सवय असल्याने दोन रेघा दिसल्या की काळजात धस्स होते. इथे उलटे आहे. पदार्थाच्या नावासमोर रेघ उमटली, अगदी फिकट असली तरी, म्हणजे निर्दोष. रेघ नसली तर संशय. अमेरिकेच्या सरकारी प्रमाणानुसार लघवीतल्या गांज्यासाठी पहिल्या तपासणीची मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आहे. ती ओलांडली तर अधिक अचूक यंत्रावर पुन्हा तपासतात आणि तिथे मर्यादा १५ असते. ही दुसरी तपासणी वगळणे ही सर्वांत मोठी चूक. आपल्याकडे ॲसिडिटीवर सर्रास घेतली जाणारी पँटोप्राझोल आणि तिच्या जातीच्या गोळ्यांमुळे पट्टीवर गांज्याचा खोटा ‘पॉझिटिव्ह’ आल्याच्या नोंदी आहेत. एचआयव्हीवरच्या एफाविरेन्झ या औषधाचेही तसेच. म्हणून चालू औषधांची यादी नमुना देतानाच लिहून द्यावी. ‘शेजारचा ओढत होता’ ही सबब मात्र सहसा टिकत नाही. दुसऱ्याच्या धुराने ५० ची पायरी क्वचितच ओलांडली जाते.

गांजा, भांग आणि कायदा

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे कॅनॅबिस या झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बी त्यात धरलेले नाही. त्यामुळे पानांची भांग या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे आणि ती परवान्याविना बाळगता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के लोकांनी, म्हणजे ३.१ कोटींनी, वर्षभरात या झाडाचे काही ना काही घेतले होते. त्यांत गांजा-चरसवाल्यांपेक्षा भांगवाले जास्त होते. कायदा पान आणि शेंडा वेगळा मानतो, लघवीची चाचणी मानत नाही. महाशिवरात्रीला किंवा होळीला भांगेची थंडाई प्यायलेला माणूस आणि चिलीम ओढलेला माणूस अहवालात एकाच रकान्यात येतात.

गांज्याचे सेवन हाच एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणूनच चाचणीचा कागद साध्या रक्ततपासणीसारखा टेबलावर पडू देणे गैर आहे. खाजगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमतीचा फॉर्म हा त्यामुळे निव्वळ उपचार राहिलेला नाही. कोणते पदार्थ तपासणार, अहवाल कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे त्यात लिहिलेले असावे.

पॉझिटिव्ह आल्यावर

डीजीसीएच्या नियमांत पायऱ्या आहेत. पहिल्या तपासणीत संशय आला की कर्मचाऱ्याला सुरक्षेशी संबंधित कामावरून बाजूला करतात आणि नमुना खात्रीच्या तपासणीला जातो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास व्यसनमुक्तीच्या उपचारांना पाठवतात, दुसऱ्यांदा परवाना तीन वर्षे निलंबित होतो, तिसऱ्यांदा रद्द. कारखान्यातल्या कायम कामगाराला आरोपपत्र आणि खातेचौकशी मागता येते, बाजू मांडता येते. ठेकेदाराच्या माणसाचा मात्र गेटपास थांबला की विषय संपतो, आणि टँकर, क्रेन, भट्टी अशी जोखमीची कामे बऱ्याचदा त्याच्याच अंगावर असतात. ऑफर मागे घेतलेल्या उमेदवाराची गतही फारशी वेगळी नसते. नुसत्या पट्टीवर कोणाची भाकरी काढून घेणे या नोंदलेखकाला अन्यायाचे वाटते. अमेरिकेतही हा विचार पुढे सरकला आहे: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून काही अपवाद सोडता, शरीरात उरलेल्या, नशा न आणणाऱ्या अंशावरून कर्मचाऱ्यावर कारवाई करता येत नाही.

गांज्याची सवय सुटत नसेल तर मदत जवळच आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्थाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागली तर तिच्यावर खटला चालत नाही. गांज्यासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो आहे. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.