पुण्यात कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये जायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि संमतिपत्र

क्लिनिकल ट्रायल म्हणजे नवं औषध किंवा उपचार पेशंटना देऊन तपासून बघणारं संशोधन. दाखल्यासाठी जसा फॉर्म भरून पावती घेतो, तसा ट्रायलसाठी पेशंटनं करायचा अर्ज नसतो. पेशंटला घ्यायचं की नाही हे त्या ट्रायलचे मुख्य डॉक्टर ठरवतात, आणि तेही मंजूर प्रोटोकॉलमधल्या, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यातल्या, अटींना धरूनच. आपल्या हातात तीन गोष्टी असतात: ट्रायल शोधणं, फाइल पूर्ण ठेवणं आणि सही करण्याआधी सगळं समजून घेणं. सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडून उपचारांसाठी पुण्यात येणाऱ्यांना हे आधी माहीत असलं, तर निदान दोन हेलपाटे वाचतील.

शोध सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या सरकारी नोंदवहीतून सुरू करा. ती 2007 साली सुरू झाली आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. 1 एप्रिल 2018 पासून नियम असा आहे की पहिला पेशंट घेण्याआधीच ट्रायलची नोंद झालेली हवी. माहिती इंग्रजीत असते, त्यामुळे घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. आजाराचं नाव टाका, मग केंद्रांच्या यादीत पुणे आहे का बघा. तिथल्या एथिक्स कमिटीची (पेशंटचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या समितीची) मंजुरी आली आहे का आणि पेशंट घेणं अजून चालू आहे का, हेही त्याच पानावर कळतं. पात्रतेच्या अटी आणि संपर्कही तिथेच असतो. पानाची प्रिंट काढून आपल्या नेहमीच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा. त्यांना न सांगता दुसरीकडे जाऊ नका. आतापर्यंत काय काय दिलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

अटी प्रत्येक ट्रायलच्या वेगळ्या, पण काही सगळीकडे भेटतात. बायोप्सीनं सिद्ध झालेलं निदान आणि आजाराची स्टेज लागते. आधी किती केमो झाल्या आणि शेवटची होऊन किती आठवडे झाले, हे विचारतात. रक्त, किडनी, लिव्हर ठरलेल्या मर्यादेत हवं, काही औषधांसाठी टूडी इको ही हृदयाची तपासणीही. शिवाय पेशंट किती हिंडता-फिरता आहे, हे 'इकॉग'च्या आकड्यात मोजतात. 0 म्हणजे सगळं पूर्वीसारखं करणारा, 1 म्हणजे हलकी कामं जमणारा, 2 म्हणजे स्वतःचं स्वतः करणारा पण कामावर जाऊ न शकणारा. बऱ्याच ट्रायलमध्ये 0 किंवा 1 लागतो. म्हणून ट्रायलचा विचार सगळे उपाय थकल्यावर करू नका, उपचारांच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

कागदपत्रांत आधार कार्ड, सगळी डिस्चार्ज कार्डं, केमोचे चार्ट, रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी लागतात. नुसता सीटीचा रिपोर्ट पुरत नाही. गाठ त्यांना पुन्हा मोजायची असते. पण सगळ्यात जास्त अडतं ते ब्लॉकपाशी. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो नखाएवढा ठोकळा म्हणजे ब्लॉक. माझ्या मावशीचा ब्लॉक पहिल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. तो मागायला गेलो तर आधी लेखी अर्ज, मग पेशंटची सही, मग "सोमवारी या". मावशी बारामतीची, एका सहीसाठी तिला एसटीनं स्वारगेट गाठावं लागलं. त्यात आमचे अकरा दिवस गेले. तुम्ही ब्लॉक नंबर रिपोर्टवरून आजच उतरवून ठेवा आणि पेशंटच्या सहीचं अधिकारपत्र तयार ठेवा.

आता संमतिपत्र. क्लिनिकल ट्रायलसाठीच्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे हे पत्र पेशंटला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. मराठी प्रत मागा, घरी न्या, रात्री मोठ्यानं वाचा. पेशंटला वाचता येत नसेल तर समजावताना ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. सही झाल्यावर एक प्रत तुमची. त्यात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव हे रकाने असतात. मावशीचं बोट त्या वारसाच्या ओळीवरच थांबलं. "म्हणजे मी मरणार असं धरलंय का यांनी?" ट्रायलचं कामकाज बघणारी कोऑर्डिनेटर मुलगी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "नाही मावशी. ट्रायलमुळे काही बरंवाईट झालंच तर भरपाई कुणाच्या हातात द्यायची, त्यासाठी आहे हे." ही ओळ समजावल्याशिवाय कुणी सही मागत असेल तर थांबा.

भरपाईचा हक्क कायद्यातच आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि मृत्यू झाल्यास रक्कम वय आणि आजाराचा धोका बघून, 8 लाख हा पाया धरून काढतात. गंभीर त्रास झाला तर ट्रायलच्या डॉक्टरांनी तो 24 तासांत वर कळवायचा असतो, म्हणून रात्री दोनला ताप चढला तरी दिलेल्या नंबरवर फोन करा. ट्रायलचं औषध फुकट असतं; पण नेहमीच्या केमोचा, स्कॅनचा, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, हे तोंडी नको, कागदावर बघा.

"आमच्यावर प्रयोग करणार का?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. हो, हे संशोधन आहे आणि फायद्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. कोणता उपचार कुणाला, हे बहुतेकदा कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. पण टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांवर 1,600 स्त्रियांनी अशीच संमती दिली, म्हणून कळलं की स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं भुलीचं औषध टोचल्यानं पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर जातं. आणि ट्रायलमधून कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणाला थांबवता येत नाहीत.

सहीनंतर तपासण्या होतात आणि तिथेही काही पेशंट गळतात. मावशीचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) जास्त निघालं, तिला घेतलं नाही. ती दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही न घेण्याचं कारण लिहून मागितलं आणि ब्लॉक परत घेतला. ब्लॉकचा नंबर आणि तो कारणाचा कागद आता तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे, कारण पुढच्या ट्रायलची अट वेगळी असू शकते.