कैद्यांचे शुल्कमाफ दावे आणि ‘थ्री स्ट्राइक्स’ नियम

कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्या कैद्याला अमेरिकेच्या संघीय न्यायालयात सगळी फी आधी न भरताही दिवाणी दावा लावता येतो. या सवलतीला १९९६ च्या ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट’ या कैद्यांच्या दाव्यांविषयीच्या कायद्याने कडक मर्यादा घातल्या.

निर्धन वादींना फीमाफी देणारा मूळ संघीय कायदा १८९२ चा. पुढे तुरुंग भरत गेले तसे कैद्यांचे दावेही वाढले. १९९५ मध्ये नागरी हक्कांसंबंधी असे सुमारे ४० हजार दावे दाखल झाले. बंदिवान फालतू कारणांवरून कोर्टात धावतात, अशी ओरड सुरू झाली आणि पीनट बटरच्या एका दाव्याचे उदाहरण जागोजागी दिले जाऊ लागले. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी त्या प्रकरणाची खरी हकीकत लिहून ठेवली आहे. कैद्याने चुकीची आलेली बरणी परत केली होती. बदली बरणी मिळण्याआधीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवले गेले आणि पैसे मात्र त्याच्या खात्यातून वळते झाले. रक्कम होती अडीच डॉलर. तासाला काही सेंट मजुरी मिळणाऱ्या माणसाचे हे नुकसान क्षुल्लक म्हणता येत नाही. तरीही कायदा झाला आणि २६ एप्रिल १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली.

तेव्हापासून कैद्याला पूर्ण माफी नाही, फक्त हप्ते आहेत. खात्यात दहा डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल, तर आधीच्या महिन्याच्या जमेतून २० टक्के कापले जातात. दावे अनेक असतील तर प्रत्येकासाठी वेगळे २० टक्के, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले.

खरी अडचण तीन स्ट्राइकची, म्हणजे कैद्याच्या नावावर लागणाऱ्या तीन ठपक्यांची. तुरुंगात असताना लावलेले तीन दावे किंवा अपिले निराधार, खोडसाळ किंवा दाव्याला कारणच दिसत नाही म्हणून फेटाळली गेली, की हप्त्यांची सोय बंद होते. पुढचा दावा लावायचा तर सगळी फी आधी भरावी लागते. शरीराला गंभीर इजा होण्याचा धोका अगदी समोर उभा असेल तरच सूट मिळते. झालेली मारहाण किंवा हिरावलेले धर्मग्रंथ या सुटीत बसत नाहीत. खोडसाळ वादी आणि वकिलाविना कच्चा मसुदा लिहिणारा वादी यांना एकाच मापाने मोजणे हा या नियमाचा मोठा दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या लोमॅक्स खटल्यात तो अधिकच ठळक झाला: पुन्हा दावा लावण्याची मुभा ठेवून फेटाळलेले प्रकरणही स्ट्राइक धरले गेले.

भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. आधी किती दावे फेटाळले गेले याची मोजणी त्यात नाही. कलम १३ नुसार, हाती असलेल्या प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढे पाहिले जाते.