क्लच धरत नाही की सोडत नाही?

क्लच दोन उलट प्रकारांनी बिघडतो. कधी तो धरत नाही: ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं रेस होतं, गाडी पळत नाही. कधी तो सोडत नाही: पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर पडत नाही, पडलाच तर खरखरत पडतो. पहिल्या तक्रारीचं मूळ बहुधा घर्षणात असतं, दुसरीचं बऱ्याचदा ब्रेक ऑइलने भरलेल्या नळीत. हा फरक ओळखण्याआधीच गिअरबॉक्स खाली उतरवला, तर खर्च होतोच आणि बिघाड तसाच राहू शकतो.

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 घेऊ. 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये दाखवलेली ही दोन आसनी, उघड्या छताची गाडी जगभर इतकी खपली की 2016 मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी तयार झाली. सुरुवातीचं इंजिन 1.6 लिटरचं, त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे 136 न्यूटन-मीटर. हा सगळा टॉर्क गिअरबॉक्सकडे जातो तो फक्त घर्षणातून. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट चेपलेली असते आणि डायफ्राम स्प्रिंग तिला घट्ट दाबून ठेवते.

किती टॉर्क पेलेल याचं गणित सोपं आहे: दाबाचं बल, घर्षणाचा गुणांक, प्लेटची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार, आणि घासणाऱ्या बाजू दोन म्हणून त्याची दुप्पट. हिशेबापुरतं 4000 न्यूटन बल, 0.35 गुणांक आणि 8 सेंटीमीटर त्रिज्या धरली, तर उत्तर येतं 224 न्यूटन-मीटर. म्हणजे 136 ला भरपूर पुरेल इतकं. आता क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑइल झिरपून लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या घासणाऱ्या थरावर, आलं आणि गुणांक 0.2 वर घसरला असं समजा. उत्तर 128! रोजच्या सावकाश चालवण्यात गाडी अगदी ठणठणीत वाटेल, कारण तेव्हा इंजिन एवढा टॉर्क देतच नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, की मात्र प्लेट घसरेल. सुरुवातीचा घसरता क्लच महिनोन् महिने लपून राहतो तो यामुळेच.

त्याला पकडायचं तर मोकळ्या, चढत्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये मध्यम वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्याला सोडून एकटाच वर धावला, तर क्लच घसरतोय. ही चाचणी वरच्याच गिअरमध्ये का? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढतात आणि टॉर्कचा बराच वाटा फ्लायव्हील व क्रँकशाफ्ट यांनाच गती देण्यात खर्च होतो, तेवढा क्लचवर येत नाही. वरच्या गिअरमध्ये फेरे हळूहळू चढतात, त्यामुळे जवळपास सगळा टॉर्क क्लचमधून जातो. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये पेडल सोडायचं आणि इंजिन बंद पडतं का ते पाहायचं, ही चाचणी फार लोकप्रिय आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. आयडलिंगला इंजिनाचा जोर इतका कमी असतो की पूर्ण टॉर्कला घसरणारा क्लचही त्यात पास होऊ शकतो.

रस्त्यावरची चाचणीही एक-दोनदाच करावी. 136 न्यूटन-मीटर टॉर्क असताना प्लेट मिनिटाला फक्त 500 फेऱ्यांनी मागे पडली, तरी साधारण 7 किलोवॉट उष्णता तयार होते, घरातले तीन-साडेतीन गीझर एकदम चालू केल्यासारखी. तीही एका थाळीएवढ्या चकतीवर.

आता न सोडणारा क्लच. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर पुढे सरकतो आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची पकड सोडवतं. 19 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 12 मिलिमीटर सरकवायला लागतं जेमतेम साडेतीन घन सेंटीमीटर ऑइल. त्यातलं एक घन सेंटीमीटर सीलमधून निसटलं, तर जवळपास तिसरा हिस्सा हालचाल गेली. नळीत हवा शिरली तरी तेच: ऑइल दबत नाही, हवा दबते.

इंजिन चालू ठेवून पेडल दाबा, काही सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रचना) नसतो, त्यामुळे खरखर झाली तर आत शाफ्ट अजून फिरतोय हे नक्की. मग पेडल भराभर तीन-चारदा मारून पाहा. गिअर सहज पडला तर दोष हायड्रॉलिक्सचा, म्हणजे ऑइलच्या नळीचा किंवा सिलिंडरांचा. पहिल्या गिअरमध्ये, पुढे मोकळी जागा ठेवून, पेडल दाबून धरलं आणि अर्ध्या मिनिटाने गाडी आपोआप पुढे सरकू लागली, बाहेर मात्र कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील दाब सोडतंय असा संशय घ्यावा.

एमएक्स-5 मध्ये स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टांवर बसवलेला असतो. त्याचं रबरी बूट बोटाने मागे सारायचं. आत ब्रेक ऑइल साचलेलं दिसलं, की दोषी सापडला. नवीन सिलिंडर बसवायचा, एअर काढायची, झालं. दोन्ही सिलिंडर सारखेच जुने असतील तर मी मास्टरही त्याच वेळी बदलेन, कारण एका सीलचं वय झालं तर दुसऱ्याचंही झालेलंच असतं. निस्सान 370झेडमध्ये मात्र हाच सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत, शाफ्टभोवती बसवलेला आहे. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो गळतो ही त्या गाडीची मालकांमध्ये कुप्रसिद्ध खोड आहे.

पेडल कुठे ‘पकडतं’ यावरून प्लेटची झीज ओळखायची सवय केबलच्या क्लचपासून आलेली आहे. हायड्रॉलिक क्लच झिजेनुसार स्वतःला जुळवून घेतो, म्हणून पकड वर असणं तिथे फारसा पुरावा ठरत नाही. पकड अगदी तळाशी गेली असेल, तर मात्र आधी ऑइलची पातळी पाहावी.

आवाजही बरंच सांगतात. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर शांतता, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. या दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. तो उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलून घ्यावं, आणि क्रँकशाफ्टचं मागचं सील कोरडं आहे ना, हे स्वतः टॉर्च मारून पाहावं.