झाकण गोलच का? 'फक्त वर्तुळ' या समजाविषयी खुलासा

"मॅनहोलचे झाकण गोल असते, कारण सर्व बाजूंनी सारखीच रुंदी असलेला आकार फक्त वर्तुळ आहे," हे उत्तर वर्षानुवर्षे फिरत आहे. गोल झाकण कसेही तिरपे धरले तरी आत पडत नाही, हे खरेच आहे. 'फक्त' हा शब्द मात्र चुकीचा आहे.

पुठ्ठ्यावर 6 सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण काढावा, कंपासचे टोक एकेका शिरोबिंदूवर ठेवून उरलेले दोन शिरोबिंदू जोडणारा कंस काढावा आणि तो फुगीर आकार कापून दोन समांतर पट्ट्यांमध्ये फिरवावा. पट्ट्यांमधले अंतर 6 सेंमीच राहते, कारण एक पट्टी शिरोबिंदूला टेकते तेव्हा दुसरी समोरच्या कंसाला टेकते, आणि त्या कंसाचा प्रत्येक बिंदू त्या शिरोबिंदूपासून 6 सेंमीवरच असतो. दोऱ्याने परीघ मोजल्यास तोही तेवढ्याच व्यासाच्या वर्तुळाइतका, म्हणजे सुमारे 18.8 सेंमी भरतो. ब्रिटनचे सात बाजूंचे 50 पेन्सचे नाणे याच तत्त्वावर घडवलेले आहे.

त्रिमितीत मात्र सावध राहावे लागते. नियमित चतुष्फलकाच्या (चार समभुज त्रिकोणांनी बनलेल्या घनाकृतीच्या) चार शिरोबिंदूंभोवती, त्याच्या कडेएवढ्या त्रिज्येचे चार गोल घेतले, तर त्यांच्या सामाईक भागाची रुंदी सगळीकडे सारखी नसते. समोरासमोरच्या वक्र कडांच्या मध्यांमधले अंतर सुमारे 2.5 टक्के जास्त भरते. योग्य निवडलेल्या तीन कडा ठरावीक रीतीने गोलसर केल्या, की ती रुंदी स्थिर होते. त्याहून अधिक मितींतही गोल नसलेल्या, पण स्थिर रुंदीच्या अशा बहिर्वक्र (कुठेही आत न दबलेल्या) आकृती असतात.