बाउहाउस आणि यंत्रयुग : एका समजाचा खुलासा

जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा पहिल्या दिवसापासून यंत्र, सरळ रेषा आणि अलंकारविरोध यांची पुरस्कर्ती होती, असे डिझाइनविषयक मराठी लेखनातही वारंवार वाचायला मिळते. ते खरे नाही.

वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ साली वायमार येथे शाळा स्थापन केली, तेव्हाच्या जाहीरनाम्यात कलावंतांना हस्तकलेकडे परतण्याचे आवाहन होते आणि त्याच्या मुखपृष्ठावर लायोनेल फायनिंगर यांनी लाकडी ठशातून साकारलेले कॅथीड्रल होते. पुढे ग्रोपियस व आडोल्फ मायर यांनी बर्लिनमध्ये बांधलेले झोमरफेल्ड घर तर लाकडी असून आत विद्यार्थ्यांनी केलेले कोरीवकाम होते, ही गोष्ट सहसा सांगितलीच जात नाही आणि ते मला फार खटकते. शाळेचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवणारे चित्रकार योहानेस इटेन १९२३ मध्ये बाहेर पडले, त्यांच्या जागी तंत्रज्ञानाकडे ओढा असलेले कलावंत लास्लो मोहोली-नागी आले आणि त्याच वर्षीच्या शाळेच्या प्रदर्शनासोबत ‘कला आणि तंत्रज्ञान : नवे ऐक्य’ ही घोषणा पुढे आली. यंत्राधारित उत्पादनाकडे शाळा उघडपणे वळली ती या टप्प्यावर.

‘रूप हे कार्याला अनुसरते’ हे सूत्रही बाउहाउसचे नव्हे. अमेरिकी वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी ते १८९६ मध्येच, उंच कार्यालयीन इमारतींविषयी लिहिताना मांडले होते.